एकाच पानावर दोन कर्सर

अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी धाराशिव जिल्ह्यातील तेर या आपल्या गावी, माळवदाच्या घरातील पुढच्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली आहे, अशी कल्पना करा. नोकरीची मुलाखत चालू आहे. मुलाखत घेणारे गृहस्थ पुण्यात आहेत. दोघांच्या पडद्यावर एकच पान आहे आणि त्यावर ती एक प्रोग्राम लिहीत आहे. तिचा कर्सर हिरवा, त्यांचा निळा. तिने टंकलेले प्रत्येक अक्षर क्षणार्धात पुण्यात उमटते. मध्येच मोबाइलचे नेटवर्क मंदावते. तिला ते कळत नाही, कारण तिच्या पडद्यावर अक्षरे नेहमीसारखीच उमटत असतात. ती चार ओळी पूर्ण करते. पुण्यात मात्र हिरवा कर्सर वीस सेकंद एकाच जागी लुकलुकत राहतो आणि मग चारही ओळी एकदम प्रकट होतात.

पुण्यातल्या गृहस्थांना काय वाटावे? मुलगी अडली आणि मग कुठून तरी उतरवून घेतले, असे वाटले तर त्यांना दोष देता येत नाही. त्यांनी जे पाहिले ते खरे होते. तिने जे केले तेही खरे होते. पान मात्र एकच नव्हते. ती दोन पाने होती आणि एका कुशल यंत्रणेने ती एक असल्याचा भास निर्माण केला होता.

हा भास कसा निर्माण होतो आणि तो कुठे विरतो, हे समजून घेणे आता केवळ संगणकतज्ज्ञांच्या कुतूहलापुरते उरलेले नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, वसतिगृहे रिकामी झाली आणि पुण्या-मुंबईत शिकणारी मुले गावोगावच्या घरांतून अभ्यास करू लागली. दूर बसून एकत्र प्रोग्राम लिहिण्याची साधने त्याआधीही होती, पण ती घरोघरी पोहोचली ती तेव्हा. टाळेबंदी उठली, तरी नोकरीच्या पहिल्या चाळणीची परीक्षा अशा सामायिक पानावर घेण्याची रीत मागे उरली.

दूरवरच्या दोघांचे 'आता' एक नसते ही अडचण संगणकाहून पुष्कळ जुनी आहे आणि तेरइतके तिला साजेसे ठिकाण शोधून सापडणार नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतील व्यापारविषयक लेखनात तगर नावाच्या मोठ्या नगराचा उल्लेख येतो. भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर. तेथून साधे कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जात असे. हे तगर म्हणजेच आजचे तेर, ही ओळख विसाव्या शतकाच्या आरंभी जे. एफ. फ्लीट यांनी पटवली. गावातील रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या शासकीय संग्रहालयात त्या वैभवाच्या खुणा पाहायला मिळतात.

आता असा विचार करा. भडोचच्या एखाद्या व्यापाऱ्याने 'यंदा मलमल पाठवू नका' असा निरोप धाडला असेल, तर तो तगरला पोहोचेपर्यंत महिना उलटणार. त्याच महिन्यात तगरच्या व्यापाऱ्याने मलमलीच्या गाड्या रवाना केल्या असतील, तर निरोप आणि गाड्या वाटेत कुठेतरी एकमेकांना ओलांडून जाणार. दोघांचेही वागणे आपापल्या माहितीनुसार बरोबरच ठरते. आधी निरोप निघाला की आधी गाड्या, हे ठरवायला दोघांना दिसणारे एकच घड्याळ त्यांच्याजवळ नव्हते.

संगणकांच्या जाळ्यातही असे घड्याळ नसते. १९७८ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट या अमेरिकी संगणकशास्त्रज्ञाने एका छोट्या शोधनिबंधात हे नेमके मांडले. दोन यंत्रांवर घडलेल्या दोन घटनांपैकी एकीची वार्ता दुसरीपर्यंत पोहोचूच शकत नसेल, तर आधी कोणती आणि नंतर कोणती हा प्रश्नच गैरलागू ठरतो. अशा घटनांना समांतर म्हणावे आणि पुढचा हिशोब तसाच करावा, इतका साधा त्याचा अर्थ. निरोप आणि गाड्या या अशाच समांतर घटना होत्या.

महिन्याच्या जागी आता सेकंदाचा अंश आला आहे, हे खरे. प्रकाशतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. तेर आणि पुणे यांच्यातील सरळ अंतर सुमारे २४० किलोमीटर आहे. म्हणजे एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहून जेमतेम अधिक वेळ. पुण्याहून सॅन फ्रान्सिस्को मात्र सुमारे तेरा हजार किलोमीटर दूर आहे. तिथे संदेश जाऊन त्याचे उत्तर परत यायला निसर्गनियमानेच सेकंदाचा आठवा भाग लागतो. केबली सरळ रेषेत टाकलेल्या नसतात आणि वाटेत यंत्रेही असतात, त्यामुळे प्रत्यक्षात पाव सेकंदाच्या आसपास वेळ जातो. सराईत माणूस तेवढ्यात एक-दोन अक्षरे टंकतो. आणि टॉवरवर गर्दी झाली किंवा वीज गेली, की तेर-पुणे अंतरही अमेरिकेच्या कैकपट लांबते. वेग कितीही वाढवला तरी विलंब शून्य होत नाही. म्हणून या क्षेत्रातील खरी बुद्धी विलंब कमी करण्यापेक्षा, विलंब आहे असे गृहीत धरून दोन प्रती पुन्हा जुळवण्यात खर्ची पडली आहे.

जुना उपाय कुलपाचा होता. वृत्तपत्राच्या कचेरीत बसलेल्या कोणालाही हा प्रसंग ओळखीचा वाटेल: दोन उपसंपादक एकच बातमी उघडतात, दोघेही दुरुस्त्या करतात आणि जो शेवटी जतन करतो त्याच्या दुरुस्त्या उरतात. पहिल्याचे श्रम कोणतीही सूचना न देता नाहीसे होतात. अस्मादिकांनी एका रात्री अशाच रीतीने संपूर्ण अग्रलेखाची दुरुस्ती गमावलेली आहे. यावर तोडगा म्हणजे एकाने फाइल घेतली की ती दुसऱ्याला बंद. १९८२ मध्ये वॉल्टर टिकी यांनी वर्णन केलेली आरसीएस ही प्रोग्रामरांची प्रणाली याच तत्त्वावर चाले.

मिरज-लातूर मार्गावर तेर हे स्थानक आहे. एके काळी हा अडीच फुटी रुळांचा, बार्शी लाइट रेल्वेचा मार्ग होता. एकेरी रेल्वेमार्गांवर पूर्वी टोकनची पद्धत असे. दोन स्थानकांमधील टप्प्यासाठी एका वेळी एकच टोकन, धातूचा गोळा म्हणा वा पट्टी, बाहेर निघे आणि ते ज्या चालकाच्या हाती, त्याचीच गाडी त्या टप्प्यात शिरे. समोरासमोर धडक अशक्य. फाइलीचे कुलूप हे असेच टोकन आहे. पण रेल्वेचा चालक पुढच्या स्थानकावर टोकन परत करतोच. प्रोग्रामर मात्र फाइल कुलूपबंद ठेवून जेवायला जातो, कधी कधी लग्नालाही जातो. मग सगळ्या चमूने सिग्नलला उभे राहायचे.

दुसरा उपाय म्हणजे प्रत्येकाने आपापली प्रत घेऊन काम करायचे आणि नंतर ती जुळवायची. मे २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर ज्यांनी लेखन केले आहे, त्यांना 'संपादन विसंवाद' ठाऊक असेल. आपण जतन करू जातो, तर मधल्या काळात दुसऱ्याने तोच परिच्छेद बदललेला असतो आणि आता तुम्हीच काय ते ठरवा, असे यंत्र नम्रपणे सांगते. लिनस टोर्वाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेली गिट ही प्रणाली आज जगभरचे प्रोग्रामर वापरतात. तीही याच जातीची, अर्थात फार अधिक हुशार. पण ही सारी पत्रव्यवहाराची रीत झाली. समोरासमोर बोलण्याची नव्हे.

समोरासमोर बोलण्याचे पहिले मोठे दर्शन ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत घडले. डग्लस एंगलबर्ट यांनी सभागृहातील श्रोत्यांसमोर, सुमारे पन्नास किलोमीटर दूर मेन्लो पार्कमध्ये बसलेल्या बिल पॅक्स्टन यांच्याबरोबर एकाच पडद्यावर काम करून दाखवले. दोघांचे दर्शक एकाच मजकुरावर फिरत होते आणि दोघांचे आवाज एकमेकांना ऐकू येत होते. पण तेथे संगणक एकच होता आणि प्रतही एकच. पॅक्स्टन यांच्याकडे होता तो त्याच संगणकाचा लांबवर नेलेला पडदा. प्रती दोन झाल्या की काय करायचे, या प्रश्नाला पद्धतशीर उत्तर मिळायला आणखी एकवीस वर्षे लागली.

ते १९८९ मध्ये टेक्सासमधील ऑस्टिन येथील एमसीसी या संशोधन संस्थेतून आले. क्लेरेन्स एलिस आणि सायमन गिब्स हे त्याचे कर्ते. एलिस हे संगणकशास्त्रात पीएच. डी. मिळवणारे पहिले आफ्रिकी-अमेरिकी. त्यांच्या 'ग्रोव्ह' या सामूहिक लेखनाच्या संपादकात कुलूप नव्हते. प्रत्येकाने आपल्या प्रतीत हवे तेव्हा लिहावे. इतरांना संपूर्ण मजकूर न पाठवता फक्त केलेली कृती पाठवावी: 'अमुक जागी अमुक अक्षर घातले', 'अमुक जागचे अक्षर काढले'. आलेली कृती जशीच्या तशी लागू न करता, मधल्या काळात आपल्याकडे काय बदलले ते पाहून तिचे रूपांतर करावे आणि मग लागू करावी.

हे 'रूपांतर' म्हणजे काय, ते तेरच्याच नावावर करून पाहू. संगणकाच्या दृष्टीने 'तेर' हा शब्द दोन अक्षरांचा नाही, तीन घरांचा आहे. पहिल्या घरात त, दुसऱ्यात एकाराची मात्रा, तिसऱ्यात र. युनिकोडमध्ये मात्रेला स्वतंत्र क्रमांक आहे. आता आपली विद्यार्थिनी आणि तिची पुण्यातील मैत्रीण यांच्यासमोर एवढा एकच शब्द आहे. विद्यार्थिनीला गावाऐवजी नदीचे नाव हवे आहे, म्हणून ती कृती करते: 'तिसऱ्या घरानंतर णा घाला'. तिच्या पडद्यावर 'तेरणा' उमटते. नेमक्या त्याच क्षणी मैत्रिणीला आरंभी 'जुने' हा शब्द हवा असतो. ती 'जुने' आणि एक मोकळी जागा घालते. ही झाली पाच घरे: ज, उकार, न, एकार आणि मोकळी जागा. पुण्यात दिसते 'जुने तेर'.

मग संदेश एकमेकांना ओलांडतात. तेरला पोहोचते: 'आरंभी जुने घाला'. तिथे 'जुने तेरणा' होते आणि काहीच बिघडत नाही. पुण्याला पोहोचते: 'तिसऱ्या घरानंतर णा घाला'. पुण्याचे यंत्र भोळेपणाने वागले, तर ते आपल्या आताच्या मजकुराचे तिसरे घर मोजते आणि ते असते 'जुने' मधला न. 'णा' त्या न आणि त्याच्या मात्रेच्या मध्ये जाऊन बसतो. न मात्रेविना उरतो, मात्रा अनाथ होऊन 'णा' च्या कान्यावर लटकते आणि पडद्यावर एक असा शब्द उमटतो की जो मराठीत नाही आणि धड उच्चारताही येत नाही. मोजणीच्या चुकीने रोमन लिपीत शब्द बिघडतो, पण प्रत्येक अक्षर निदान सुटे उभे राहते. आपल्या लिपीत अक्षरच फुटते.

रूपांतर करणारे यंत्र आधी विचारते: ही कृती ज्या मजकुरावर केली गेली, त्यानंतर माझ्याकडे काय घडले? उत्तर असते की आरंभी पाच घरे वाढली. म्हणजे तिकडचे तिसरे घर ते इकडचे आठवे. आठव्या घरात 'तेर' मधला र आहे. त्याच्यानंतर 'णा' घातला की पुण्यातही 'जुने तेरणा'. दोन्ही पडदे पुन्हा एक होतात. कोणी कोणाला थांबवले नाही आणि कोणाचे अक्षर गेले नाही.

दोन माणसे आणि दोन कृती असल्या, की हे गणित तोंडी सुटते. तीन माणसे, प्रत्येकाच्या दहा कृती आणि त्या निरनिराळ्या क्रमाने पोहोचत आहेत असे झाले, की त्यातली गुंतागुंत डोके फिरवणारी होते. एलिस आणि गिब्स यांच्या मूळ पद्धतीतही काही विशिष्ट क्रमांत दोन प्रती कायमच्या वेगळ्या पडतात, हे पुढे काही वर्षांनी इतर संशोधकांनी दाखवून दिले. १९९५ मध्ये झेरॉक्स पार्कमधील 'ज्युपिटर' प्रणालीने यातून व्यवहारी वाट काढली. सगळ्यांनी एकमेकांशी न बोलता मधल्या एका सर्व्हरशीच बोलावे. कृतींचा क्रम तो ठरवील आणि प्रत्येकाला फक्त त्याच्याशी जुळवून घ्यावे लागेल. पुढच्या काळातील बरीच लोकप्रिय साधने या वाटेने गेली.

२००३ मध्ये म्युनिकच्या काही विद्यार्थ्यांनी मॅक संगणकासाठी 'हायड्रा' नावाचा संपादक काढला. तोच पुढे 'सबएथाएडिट' झाला. एकाच खोलीत बसलेले प्रोग्रामर एका फाइलीत एकत्र लिहू लागले, ते बहुतेकांनी प्रथम तिथे अनुभवले. २००८ मध्ये 'इथरपॅड' ने हेच ब्राउझरमध्ये आणले. गूगलने ती कंपनी पुढच्याच वर्षी विकत घेतली. त्याच वर्षी मोठा गाजावाजा करून पुढे आणलेल्या 'गूगल वेव्ह' चा विकास मात्र ऑगस्ट २०१० मध्येच थांबवण्यात आला. तंत्र उत्तम असूनही ते नेमके कशासाठी वापरायचे हे लोकांना उमगले नाही, असेच म्हणावे लागेल. गूगल डॉक्समध्ये मात्र हे तंत्र इतके मुरले आहे की आज कोणालाही त्याचे नवल वाटत नाही.

मध्यवर्ती सर्व्हरच्या वाटेत एक उणीव आहे आणि ती तेरसारख्या ठिकाणी चटकन जाणवते. संपर्क तुटला की सर्व्हरही तुटला. काही साधने अशा वेळी पान गोठवतात. काही लिहू देतात, पण फार वेळ गेला तर जुळवणी अवघड होते. यावर दुसरी वाट फ्रान्स आणि पोर्तुगालमधील संशोधकांनी प्रशस्त केली. मार्क शापिरो, नुनो प्रेगिसा, कार्लोस बाकेरो आणि मारेक झाविर्स्की यांनी २०११ मध्ये तिला सीआरडीटी या नावाने शिस्तबद्ध रूप दिले. तिची मूळ कल्पना एखाद्या शेतकऱ्यालाही पटेल अशी आहे. घरे मोजत बसू नका, प्रत्येक अक्षराला कायमचे नाव द्या.

म्हणजे 'तेर' मधला र हा 'तिसऱ्या घरातला' नव्हे, तर 'तेरच्या लॅपटॉपने लिहिलेले तिसरे अक्षर' असा ओळखायचा. आरंभी पाच अक्षरे येवोत की पाचशे, त्याची ओळख बदलत नाही. जमिनीचा तुकडा 'रस्त्यापासून तिसरा' असा न सांगता गट क्रमांकाने सांगावा, तसे हे आहे. शेजारच्यांनी वाटण्या केल्या, तरी तुमचा गट क्रमांक तोच. 'र या नावाच्या अक्षरानंतर णा' ही कृती मग कोणत्याही क्रमाने, कितीही उशिरा, कोणत्याही वाटेने पोहोचली तरी योग्य जागीच बसते. मध्यस्थ नसला तरी चालते. विद्यार्थिनीने बसमध्ये, नेटवर्क नसताना तासभर लिहिले आणि धाराशिवला उतरल्यावर जोडले, तरी चालते.

फुकट काहीच मिळत नाही. प्रत्येक अक्षराबरोबर त्याचे नाव जपावे लागते आणि खोडलेल्या अक्षराचीही खूण बहुधा मागे ठेवावी लागते, कारण त्याच्या आधारे लिहिलेले दुसऱ्या कोणाचे अक्षर अजून वाटेत असू शकते. शिवाय दोघांनी नेमक्या एकाच जागी, एकाच वेळी दोन निरनिराळे शब्द लिहिले, तर काही पद्धतींत त्यांची अक्षरे एकमेकांत मिसळण्याचा धोका असतो. यजेस आणि ऑटोमर्ज ही आजची दोन प्रसिद्ध मुक्त साधने या त्रासांवर बरीच मात करतात. 'ॲटम' या संपादकाला २०१७ मध्ये जोडलेली एकत्र लेखनाची सोय याच तत्त्वावर होती. २०२२ अखेर ॲटम बंद झाला. त्याच्या काही निर्मात्यांनी पुढे काढलेल्या 'झेड' संपादकातही हेच तत्त्व आहे.

इथपर्यंत सगळा विचार अक्षरांचा झाला. पण प्रोग्राम म्हणजे नुसता मजकूर नव्हे, आणि गूगल डॉक्समध्ये जे सुखाने चालते ते प्रोग्राममध्ये का खटकते याचे उत्तर तिथेच आहे. निबंधाचे वाक्य अर्धवट असले तरी बाकीचा निबंध वाचता येतो. प्रोग्राममधील वाक्य अर्धवट असले, एक कंस उघडा राहिला, तर बहुधा संपूर्ण प्रोग्रामच चालत नाही. मैत्रीण खाली काही लिहिण्याच्या मध्यात असताना विद्यार्थिनीने वरचा भाग चालवून पाहायचे ठरवले, तर तिला आपली नसलेली चूक दिसते. म्हणून अनुभवी प्रोग्रामर दिवसभर एका पानावर लिहीत नाहीत. बहुतेक काम गिटमध्ये आपापल्या शाखेवर चालते. अवघड चूक शोधायची असली, नव्या सहकाऱ्याला काही दाखवायचे असले किंवा मुलाखत घ्यायची असली, तरच एक पान उघडले जाते. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या 'लाइव्ह शेअर' ची रचनाही याच वापराची आहे. फाइली यजमानाच्या संगणकावरच राहतात आणि पाहुण्याला तेवढ्यापुरता प्रवेश मिळतो. हा प्रवेश किती द्यायचा, हे मात्र डोळे उघडे ठेवून ठरवावे. पाहुण्याला आज्ञा चालवण्याचीही मुभा दिली, तर आपला संगणकच त्याच्या हाती दिल्यासारखे होते.

अक्षरे जुळली म्हणजे अर्थ जुळला असेही नाही. समजा, प्रोग्रामचा एक भाग दोन गावांतील अंतर काढून ते मीटरमध्ये देतो आणि दुसरा भाग ते छापतो. अंतर किलोमीटरमध्ये हवे असे ठरते. विद्यार्थिनी पहिल्या भागात हजाराने भागते. त्याच क्षणी पुण्यातील मैत्रीण दुसऱ्या भागात हजाराने भागते. दोघींच्या ओळी वेगवेगळ्या असल्यामुळे जुळवणी निर्विघ्न होते आणि दोन्ही पडद्यांवर अगदी सारखा प्रोग्राम दिसतो. तो चालवला की तेर ते पुणे हे अंतर ०.२४ किलोमीटर छापले जाते. दोघींपैकी कोणीही एकटीने केले असते, तर उत्तर २४० आले असते. ही चूक ना रूपांतराच्या पद्धतीला दिसते, ना अक्षरांच्या कायमच्या नावांना.

तेर हे संत गोरा कुंभारांचे गाव. संतांच्या मेळ्यात मुक्ताबाईंच्या सांगण्यावरून गोरोबाकाकांनी मडकी तपासायचे थापटणे घेतले, प्रत्येकाच्या मस्तकावर थापटून पाहिले आणि नामदेव कच्चे ठरवले, ही कथा आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. मडके बाहेरून सारखेच दिसते. कच्चे की पक्के हे थापटल्यावर आवाजावरून कळते. प्रोग्रामरांच्या चाचण्या नेमके हेच काम करतात: ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा प्रश्न प्रोग्रामला विचारायचा आणि काय आवाज येतो ते ऐकायचे. '२,४०,००० मीटर दिले तर २४० यायला हवे' एवढी एका ओळीची चाचणी वरची चूक तत्काळ पकडते. सामायिक पानावर दोघे लिहीत असतील, तर अशा चाचण्या एकट्याने लिहिताना लागतात त्याहून जास्तच लागतात.

आणखी एक बारीक गोष्ट. चुकून काही खोडले की आपण 'पूर्ववत' ची कळ दाबतो. पण पान दोघांचे असेल तर शेवटची कृती कोणाची? यंत्राने पानावरील शेवटची कृती मागे घेतली, तर विद्यार्थिनीने कळ दाबताच मैत्रिणीचे लेखन नाहीसे होईल. म्हणून चांगली साधने ज्याची कळ त्याचीच कृती मागे घेतात. मधल्या काळात त्या कृतीवर दुसऱ्याने काही रचले असेल, तर काय पूर्ववत करायचे याचे उत्तर सगळी साधने सारखे देत नाहीत. महत्त्वाच्या प्रसंगाआधी आपल्या साधनात हे एकदा करून पाहिलेले बरे.

आता पुन्हा त्या मुलाखतीकडे. वीस सेकंद थांबलेला हिरवा कर्सर खरे तर टाळता येण्यासारखा होता. विलंब टळत नाही, पण विलंब झाला आहे हे दाखवता येते. संपर्क तुटताच पुण्याच्या पडद्यावर त्या कर्सरचा रंग फिका करणे, किंवा 'समोरचा संगणक उत्तर देत नाही' असे एका ओळीत सांगणे, ही फार मोठी करामत नाही. काही साधनांत ती असते, काहींत नसते. बरीच साधने पानाचा सारा इतिहास चित्रफितीसारखा पुन्हा पाहू देतात. मात्र तो कोणत्या घड्याळाने नोंदवला आहे, हे पाहावे लागते. अक्षर सर्व्हरला पोहोचल्याची वेळ नोंदली असेल, तर पुनर्दर्शनातही ती वीस सेकंदांची पोकळी आणि त्यानंतरची ती संशयास्पद उडी तशीच दिसेल. अक्षर तेरच्या लॅपटॉपवर टंकले गेल्याची वेळ नोंदली असेल, तर ती मुलगी एकसारखी लिहीत होती, दुसऱ्या ओळीत एक शब्द खोडून तिने नीट केला आणि मगच पुढे गेली, हे स्पष्ट दिसेल. अर्थात लॅपटॉपचे घड्याळ मालकाच्या हाती असते. एवढ्यावरून निकाल द्यावा असा पक्का पुरावा तोही नव्हे.

मुलाखत घेणाऱ्याच्या हाती याहून सोपा उपाय आहे. ओळी एकदम आल्या, तर पुढचा प्रश्न त्या ओळींवरच विचारावा: तिसऱ्या ओळीत हा क्रम उलटा केला तर काय होईल? ज्याने स्वतः लिहिले आहे त्याला याचे उत्तर द्यायला अर्धा मिनिट पुरते. आणि तेरच्या विद्यार्थिनीने, नेटवर्क डळमळीत आहे याचा अंदाज असेल तर, ते मुलाखतीच्या आरंभीच सांगून ठेवावे, लिहिताना तोंडाने बोलत राहावे आणि शक्य असल्यास आवाजासाठी साध्या फोनचा दुसरा जोड ठेवावा. अक्षरे वाटेत अडकली, तरी 'आता मी यादी उलट्या क्रमाने पाहते आहे' हे तिचे वाक्य तोवर पुण्याला पोहोचलेले असेल.